पीसी गेम घेण्याआधी: अकाउंट, लॉंचर आणि इंटरनेटची सक्ती, नवीन मंडळींसाठी पायरीपायरीने

पीसीवर पहिल्यांदाच गेम घेणाऱ्यांचा खरा गोंधळ उडतो तो अकाउंटवरून. म्हणजे बघा, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पैसे भरले, गेम कितीतरी वेळ लावून डाऊनलोड केला, प्ले दाबलं, आणि समोर गेमऐवजी दुसऱ्याच कंपनीची विंडो उघडते, आधी आमच्याकडे अकाउंट काढा, मग ईमेल व्हेरिफाय करा, मग आमचा लॉंचर, म्हणजे गेम उघडणारं आमचं ऍप, अपडेट होऊ द्या, आणि एवढं सगळं केल्यावर कळतं की गेम एकट्याने खेळायचा असला तरी नेट नसेल तर तो पहिल्या मेनूच्या पुढे जातच नाही. यातलं जवळपास सगळं पैसे देण्याआधी कळू शकतं आणि मला मनापासून वाटतं की ते आधीच कळायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. घाईत असाल तर निदान पहिल्या तीन पायऱ्या तरी वाचा.

आधी थोडं, हे सुरू कसं झालं ते. वाल्व्ह या गेम कंपनीने स्टीम सुरू केलं सप्टेंबर २००३ मध्ये. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांचा हाफ-लाइफ २ हा गेम आला आणि दुकानातून डबा आणून डिस्क टाकली तरी स्टीमचं अकाउंट काढून ऑनलाइन ऍक्टिव्हेट केल्याशिवाय तो चालत नव्हता, तेव्हा लोक भयंकर चिडले होते. आता ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणी विचारतही नाही, आणि मोठ्या कंपन्यांचं प्रत्येकाचं वेगळं दालन आहे: युबिसॉफ्ट कनेक्ट, ईए ऍप, बॅटल-नेट, रॉकस्टारचा लॉंचर, एपिक, एक्सबॉक्स ऍप. आणि तुम्ही पैसे देता ते गेम वापरायच्या परवान्याचे, गेमच्या मालकीचे नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय की असा परवाना विकताना ते ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ त्याच्या थोडं आधीपासूनच दिसायला लागली.

पायरी १: गेमला कुलूप कुठलं आहे ते ओळखा

सगळा खेळ इथेच आहे म्हणून इथे जरा वेळ घालवू. कुलूप म्हणजे गेम विकत घेणाराच चालवतोय ना हे तपासणारी यंत्रणा, तिला डीआरएम म्हणतात.

सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे एकदाच ऑनलाइन व्हायचं, अकाउंटवर गेम नोंदवला गेला, एकदा चालू झाला, की पुढे ऑफलाइन मोडमध्ये बराच काळ खेळता येतो. स्टीमवरचे बरेचसे सिंगल-प्लेअर गेम असे असतात. यातले काही तर स्टीम बंद असतानाही थेट फोल्डरमधून चालतात, पण ते त्या त्या गेम बनवणाऱ्यावर आहे, गृहीत धरू नका.

दुसरा प्रकार अधूनमधून हजेरी लावायचा. पीसी गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या सबस्क्रिप्शनमधले गेम ऑफलाइन खेळता येतात पण साधारण ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं, नाहीतर परवाना तपासता येत नाही म्हणून गेम उघडत नाही. डेनुव्हो नावाचं जे संरक्षण अनेक मोठ्या गेम्सवर असतं तेही याच घरातलं, पहिल्यांदा चालवताना आणि पुढे मोठं अपडेट आलं किंवा हार्डवेअर बदललं की ते पुन्हा सर्व्हरला विचारतं, आणि त्याच्या गेम्सवर बऱ्याचदा २४ तासांत ५ मशीनची मर्यादा असते. लिनक्सवर खेळणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्या, कारण प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) व्हर्जन बदलून बदलून बघितली तर प्रत्येक व्हर्जन डेनुव्होला नवीन मशीन वाटू शकते आणि मग एक दिवस गप्प बसावं लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे ऑलवेज ऑनलाइन, आणि त्रास सगळा इथे. नेट तुटलं की गेम तुटला, तुम्ही एकटे खेळत असलात तरी. मल्टिप्लेअर गेमचं समजू शकतो, तिथे सर्व्हर लागणारच. पण १५ मे २०१२ ला डायब्लो ३ आला तेव्हा एकट्याने खेळणारेही लॉगिनच्या दारात सर्व्हर व्यस्त असल्याची एरर ३७ बघत बसले होते, आणि मार्च २०१३ मध्ये सिमसिटी आला तेव्हा सर्व्हर इतके कोलमडले की लोकांना स्वतःचं शहर उघडता येईना. सिमसिटीला ऑफलाइन मोड मिळाला तो वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये. म्हणजे तो करता येत होता, एवढं मात्र त्यातून सगळ्यांना दिसलं.

आणि एक चौथी गोष्ट, कुलूपच नसलेले गेम. जीओजी हे २००८ पासूनचं स्टोअर, तिथे डीआरएम नसतं, इन्स्टॉलर फाइल उतरवून घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, दहा वर्षांनी नेट नसलेल्या पीसीवर टाका, चालेल. त्यांचा गॅलक्सी नावाचा लॉंचर आहे पण तो ऐच्छिक आहे. एखादा सिंगल-प्लेअर गेम स्टीम आणि जीओजी दोन्हीकडे असेल आणि तुमचं नेट बेभरवशाचं असेल तर मी तरी डोळे मिटून जीओजीवरून घ्या म्हणेन.

पायरी २: स्टोअरचं पान खालपर्यंत वाचा

ट्रेलर बघून खरेदी करू नका. स्टीमवर गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या पट्टीत, सिंगल-प्लेअर, क्लाउड वगैरे लिहिलेलं असतं त्याच्या आसपास, वेगळ्या रंगाच्या चौकटीत दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागतं का, थर्ड-पार्टी डीआरएम आहे का, हे लिहिलेलं असतं. २०२४ च्या शेवटापासून कर्नल लेव्हलचं अँटी-चीट, म्हणजे विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात बसून चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, असेल तर तेही तिथे सांगणं बंधनकारक आहे. बहुतेक जण ही पट्टी बघतच नाहीत आणि नंतर ओरडतात.

त्यानंतर पीसीगेमिंगविकी ही साइट उघडा, गेमचं नाव टाका, तिथे कोणत्या स्टोअरच्या कॉपीला कोणतं डीआरएम आहे, सेव्ह फाइल कुठे साठते, क्लाउड सेव्ह (सेव्हची कॉपी सर्व्हरवर ठेवायची सोय) आहे की नाही, सगळं तक्त्यात मिळतं. एकच गेम दोन स्टोअरमध्ये दोन वेगळ्या कुलपांनी येऊ शकतो हे तिथेच नीट दिसतं. मग स्टीमचे रिव्ह्यू, पण नुसते टक्के नाही बघायचे, अलीकडचे निगेटिव्ह चाळायचे आणि त्यात लॉंचर, लॉगिन, सर्व्हर हे शब्द किती वेळा येतात ते बघायचं. गेम चांगला आणि लॉंचर वाईट असं कॉम्बिनेशन भरपूर सापडतं.

पायरी ३: आधी ईमेल, मग अकाउंट

गेमिंगसाठी एक वेगळा, कायम तुमच्याच ताब्यात राहील असा ईमेल आयडी काढा. कॉलेजचा किंवा ऑफिसचा अजिबात नको, तो बंद झाला की त्यावरची सगळी लायब्ररी परत मिळवताना नाकी नऊ येतात. त्या ईमेललाच आधी टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) लावा, कारण ज्याच्या हातात ईमेल त्याच्या हातात तुमची सगळी अकाउंट्स, पासवर्ड रीसेटचा मेल तिथेच येतो.

मग प्रत्येक कंपनीचं अकाउंट काढताना पासवर्ड वेगळा ठेवा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका, लक्षात ठेवायचा प्रयत्नच करू नका. जन्मतारीख आणि देश खरा टाका. लोक गंमत म्हणून काहीही तारीख टाकतात आणि पुढे सपोर्टवाले ओळख पटवायला तीच विचारतात, किंवा वय कमी दाखवल्यामुळे अकाउंट मुलांच्या वर्गात जाऊन अडकतं. देश चुकीचा टाकला तर पेमेंटच्या वेळी वांधे, कारण स्टोअरचा देश आणि तुमच्या कार्डाचा देश जुळावा लागतो.

टू-फॅक्टर चालू केलं की रिकव्हरी कोड मिळतो, स्टीममध्ये तो आर अक्षराने सुरू होतो, बाकीच्यांकडे बॅकअप कोडची यादी मिळते. हे कोड कागदावर लिहा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि फोनच हरवला तर त्याचा उपयोग शून्य. आणि पहिल्या खरेदीच्या पावत्यांचे मेल डिलीट करू नका, अकाउंट हॅक झालं तर ते तुमचं होतं हे सिद्ध करायला पावत्या फार उपयोगी पडतात.

स्टीमवर आणखी एक छोटी गोष्ट, नवीन अकाउंटवर ५ डॉलरइतका खर्च होईपर्यंत ते मर्यादित असतं, फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, त्यामुळे मित्रांना ऍड करता येत नाही म्हणून घाबरू नका. मित्राने तुम्हाला रिक्वेस्ट पाठवली की काम होतं.

पायरी ४: अकाउंट जोडणं, इथे हळू जा

स्टीमवरून घेतलेला गेम पहिल्यांदा उघडला की ईएचं किंवा युबिसॉफ्टचं अकाउंट जोडायला सांगतो. आता विचार करा, तुमचं त्या कंपनीचं अकाउंट आधीपासून आहे का? कधी कन्सोलवर खेळला होतात? तर तेच अकाउंट वापरा, घाईघाईत नवीन काढू नका, कारण एकदा जोडी जमली की ती सहजासहजी सुटत नाही, बऱ्याचदा सपोर्टला लिहावं लागतं, आणि नंतर जुनी प्रोग्रेस एका अकाउंटवर आणि नवीन गेम दुसऱ्यावर असा गुंता होतो. जोडण्याच्या स्क्रीनवर कोणता ईमेल दिसतोय तो वाचूनच पुढे जा. ब्राउझरमध्ये घरातल्या दुसऱ्या कुणाचं लॉगिन आधीच उघडं असतं आणि चुकून तेच जोडलं जातं, असं खूप होतं.

ही सक्ती मागाहूनही येऊ शकते. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ या गेमच्या पीसीवाल्यांना प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडायला सांगितलं. अनेक देशांत ती सेवाच नव्हती, म्हणजे तिथल्या लोकांनी जोडायचं तरी कसं? खेळाडूंनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा असा पाऊस पाडला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला, आणि पुढे जानेवारी २०२५ मध्ये सोनीने आपल्या काही सिंगल-प्लेअर पीसी गेम्ससाठीही हे अकाउंट ऐच्छिक केलं. तेव्हा रिव्ह्यू लिहिण्याचा उपयोग होतो, लिहा.

पायरी ५: रिफंडची मुदत आहे तोवर ऑफलाइन चाचणी घ्या

ही पायरी फारसं कुणी सांगत नाही आणि माझ्या मते ही सगळ्यात कामाची आहे.

स्टीमचा रिफंड खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर मिळतो. तेवढ्यात हे करून टाका. गेम पूर्ण डाऊनलोड आणि अपडेट होऊ द्या, नेट चालू ठेवून एकदा उघडा, सगळी लॉगिन करा, लॉगिन लक्षात ठेवा असा टिक असेल तर लावा, थोडं खेळून सेव्ह करा, गेम बंद. आता स्टीमच्या मेनूत गो ऑफलाइन निवडा. दुसरा लॉंचर असेल तर त्यालाही ऑफलाइन करा, ईए ऍप आणि युबिसॉफ्ट कनेक्ट दोन्हीत मेनूत ती सोय आहे, एपिकमध्ये सेटिंगमध्ये ऑफलाइन ब्राउझिंगचा टिक आधी लावून ठेवायचा असतो. मग वायफाय खरोखर बंद करा किंवा केबल काढा, पीसी रीस्टार्ट करा आणि गेम उघडून बघा. मघाचा सेव्ह लोड झाला तर उत्तम. नाही झाला तर आता तुम्हाला माहितीये की हा गेम नेटवर अवलंबून आहे, आणि ते तुम्हाला चालणार आहे की नाही हे ठरवायला अजून वेळ हातात आहे.

घड्याळाकडे लक्ष ठेवा मात्र. गेमचा स्वतःचा लॉंचर उघडा राहिला तर बऱ्याचदा स्टीम तो वेळही खेळल्याचा धरतं, त्यामुळे लॉंचरमधून मोठं अपडेट उतरतंय आणि तुम्ही जेवायला गेलात असं करू नका, २ तास तिथेच संपतील.

नेट जाणार आहे हे आधी माहीत असेल, प्रवास वगैरे, तर निघायच्या आदल्या रात्री सगळे गेम एकदा ऑनलाइन उघडून घ्या, अपडेट अर्धवट राहिलेलं असलं तर ऑफलाइनमध्ये गेम सुरूच होत नाही.

पायरी ६: अँटी-चीटवाले गेम

स्पर्धात्मक मल्टिप्लेअर गेम्सना अकाउंटच्या वर अजून एक सेवा लागते. ईझी अँटी-चीट, बॅटलआय, रायट कंपनीचं व्हॅनगार्ड वगैरे. व्हॅनगार्ड पीसी सुरू होतानाच सुरू होतं आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतं. बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. मशीन नवीन असेल तर हे चालूच असतं, जुन्या मशीनवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जावं लागतं आणि तिथे बेधडक बटणं दाबू नका: आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की जवळ ठेवा, मग विंडोजची डिस्क जीपीटी आहे की एमबीआर (डिस्कच्या मांडणीचे नवा आणि जुना असे दोन प्रकार) ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. एमबीआर असताना बायोसमधला लेगसी मोड बंद केलात तर विंडोज सुरू होणार नाही, आधी तीच डिस्क एमबीआरवरून जीपीटीमध्ये बदलून घ्यावी लागते. जमत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

लिनक्स किंवा स्टीम डेकवर (वाल्व्हचं हातात धरून खेळायचं मशीन) खेळणार असाल तर असे गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर नक्की बघा, काही चालतात, काही अजिबात नाही.

पायरी ७: गेम उघडत नाहीये, तर या क्रमाने जा

आधी सर्व्हर डाऊन आहे का ते बघा, कंपनीच्या स्टेटस पानावर किंवा डाऊनडिटेक्टर या साइटवर. स्टीमचं ठरलेलं मेंटेनन्स अमेरिकेतल्या मंगळवारी असतं आणि तेव्हा थोडा वेळ लॉगिन जातं. नवीन लोक पहिल्याच झटक्यात गेम काढून पुन्हा टाकतात, शंभर जीबी पुन्हा उतरवतात, आणि चूक असते सर्व्हरची. ते करू नका.

सर्व्हर ठीक असेल तर पीसीची तारीख आणि वेळ तपासा, घड्याळ चुकलेलं असेल तर सुरक्षित कनेक्शनच होत नाही आणि एरर मात्र भलतीच दिसते. व्हीपीएन बंद करा. लॉंचर पूर्ण बंद करून, म्हणजे खाली टास्कबारच्या कोपऱ्यातूनही काढून, पुन्हा उघडा. मग स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइल्स व्हेरिफाय करा, मग लॉंचरचा कॅशे (साठलेल्या तात्पुरत्या फाइल्स) साफ करा. रीइन्स्टॉल सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी सेव्ह फाइल्सची कॉपी. त्या बहुतेक वेळा डॉक्युमेंट्स, सेव्हड गेम्स किंवा ऍपडेटा फोल्डरमध्ये असतात.

ऑफलाइन खेळून परत ऑनलाइन आलात की कधीकधी क्लाउड कॉन्फ्लिक्टची विंडो येते, लोकल (तुमच्या पीसीवरचं) सेव्ह ठेवू की क्लाउडवरचं? तारीख आणि वेळ दोन्ही बघा, आणि शंका असेल तर काहीही न निवडता बंद करून आधी लोकल सेव्हची कॉपी काढा. चुकीचं बटण म्हणजे कित्येक तासांचा गेम गेला.

पायरी ८: अकाउंट सांभाळा

लायब्ररी वाढली की अकाउंटवर डोळा ठेवणारे येतातच. डिस्कॉर्ड या चॅट ऍपवर कुणी म्हणालं की मी चुकून तुला रिपोर्ट केलं, आता या ऍडमिनशी बोल, किंवा माझ्या टीमला मत दे, तर ते फसवणूक आहे, सरळ ब्लॉक करा, ओळखीच्या मित्राच्या अकाउंटवरून आलं तरी, कारण त्याचंच अकाउंट गेलेलं असू शकतं. लॉगिनची विंडो वेबसाइटच्या आतच खोटी काढलेली असते, ती ओढून ब्राउझरच्या बाहेर नेता येते का बघा, येत नसेल तर खोटी. अकाउंट विकत घेणं, भाड्याने घेणं टाळा. अनोळखी साइटवरून घेतलेली स्वस्त 'गेम की' (गेम ऍक्टिव्हेट करायचा कोड) चोरीच्या कार्डने घेतलेली निघाली तर गेम लायब्ररीतून काढला जातो आणि पैसेही जातात.

घरात शेअर करायचं तर पासवर्ड न देता स्टीम फॅमिलीज वापरा, ६ जणांपर्यंत चालतं, पण ज्यांना वेगळ्या कंपनीचं अकाउंट लागतं असे काही गेम त्यात शेअर होत नाहीत, आणि घरातल्या कुणी तुमच्या कॉपीवर चीटिंग केलं तर त्या गेममध्ये तुम्हालाही बॅन बसू शकतो. लहान भावंडांना हे आधी समजावून सांगा.

पायरी ९: सेवा बंद होण्याची बातमी आली तर

हे होतंच, म्हणून तयारी हवी. माइनक्राफ्टची जुनी मोजांग (तो गेम बनवणारी कंपनी) अकाउंट्स मायक्रोसॉफ्टवर हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली, ज्यांनी मेल वाचलेच नाहीत त्यांना गेम पुन्हा विकत घ्यायची वेळ आली. ईएचा जुना लॉंचर ओरिजिन १७ एप्रिल २०२५ ला बंद झाला आणि लोकांना ईए ऍपवर जावं लागलं. कंपनीचे मेल स्पॅममध्ये जात नाहीत ना एवढं अधूनमधून बघत चला.

सगळ्यात चटका लावणारं उदाहरण द क्रू या युबिसॉफ्टच्या रेसिंग गेमचं. २०१४ मध्ये आलेला, एकट्यानेही मजेत खेळता येणारा, पण ऑलवेज ऑनलाइन. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो उघडेना. त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे, सेवा बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. युबिसॉफ्टनेही २०२४ मध्येच त्याच मालिकेतल्या क्रू २ आणि मोटरफेस्टला ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं, त्यामुळे खेळाडूंच्या रेट्याने काही होत नाही असं मला कुणी सांगू नये.

बातमी आली की ती नक्की कशाची आहे ते वाचा. गेम विक्रीतून काढला असेल तर ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्या लायब्ररीत तो सहसा राहतो आणि डाऊनलोडही होतो, फक्त हवे असलेले डीएलसी (गेमचे वेगळे विकले जाणारे जास्तीचे भाग) आधी घेऊन टाका. सर्व्हर बंद होणार असतील तर तारीख लिहून ठेवा, नुकताच घेतला असेल तर रिफंड मागा, गेममधल्या चलनावर आणखी पैसे घालू नका, आणि ऑफलाइन पॅच येणार असेल तर तो सर्व्हर चालू असतानाच उतरवून, पायरी ५ मध्ये सांगितलंय तसं नेट काढून एकदा चालवून बघा, कारण त्या तारखेनंतर काही अडलं तर लॉगिन करायला समोर कुणी नसेल.